चेकआउट : एका शब्दाच्या पोटात दोन कामं

२०१८ मधली गोष्ट. आमची टीम सात जणांची. फाइलींतले बदल नोंदवून ठेवायला आम्ही ‘गिट’ हे साधन वापरायचो; ‘चेकआउट’ हा त्यातलाच एक आदेश. त्यातला सर्वांत नवा मुलगा कॉलेजातून बाहेर पडून जेमतेम चार महिने झालेले. सकाळपासून तो ‘रिपोर्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये काम करत होता. महिनाअखेरच्या हिशेबाची पद्धत बदलायची होती आणि त्यासाठी पाच-सहा फाइलींत हात घालावा लागला होता. जेवणानंतर शेजारच्या सहकाऱ्यानं त्याला सांगितलं, “माझी ब्रँच सर्व्हरवर टाकलीय, जरा बघून घे.” ब्रँच म्हणजे गिटमधली कामाची स्वतंत्र वाट. त्या ब्रँचचं नावही ‘रिपोर्ट्स’ होतं.

मुलानं सर्व्हरवरून ताजी माहिती ओढून घेतली आणि टर्मिनलवर, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, ‘गिट चेकआउट रिपोर्ट्स’ लिहून एंटर दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. टर्मिनल गप्प म्हणजे काम झालं, एवढं तो शिकला होता. त्यानं फोल्डर उघडला. आपले बदल दिसत नाहीत हे पाहून त्याला नवल वाटलं नाही, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे तो आता दुसऱ्याच्या ब्रँचवर होता. अर्ध्या तासानं परत स्वतःच्या ब्रँचवर जायला निघाला, तर गिटनं सांगितलं की तू तिथंच आहेस. ‘गिट स्टेटस’ म्हणालं, बदललेलं काहीही नाही. मग तो माझ्या खुर्चीपाशी आला. “ताई, माझं सकाळचं काम कुठंच दिसत नाहीये.”

ते काम पुढेही कुठं दिसलं नाही. मी रिफ्लॉग म्हणजे गिटची हालचालींची नोंदवही चाळली, स्टॅशची म्हणजे बाजूला ठेवलेल्या अर्धवट कामाची यादी पाहिली, अनाथ पडलेल्या वस्तू (गिटनं साठवलेले मजकुराचे तुकडे) शोधणारा ‘एफएसचेक’ चालवला. तो वापरत असलेला एडिटर मागच्या प्रती ठेवत नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून त्यानं सगळं पुन्हा लिहिलं.

आमच्याकडे अशा घटनेनंतर अर्ध्या पानाची नोंद करायची पद्धत होती. ‘कारण’ या रकान्यात कुणीतरी ‘निष्काळजीपणा’ असं लिहिलं. मी तो शब्द खोडायला लावला. त्या मुलानं जे टाइप केलं, ते त्याला शिकवलेलंच होतं. शिकवताना मीही तेच सांगितलं होतं. ब्रँच बदलायची असेल तर चेकआउट. त्याच शब्दानं काम पुसलंही जातं हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं, आणि सांगितलं असतं तरी त्या क्षणी त्याला ते आठवलं असतं असं मला वाटत नाही.

नेमकं काय झालं होतं

‘गिट चेकआउट’ला मागं एकच शब्द दिला की गिटला अंदाज करावा लागतो. हे ब्रँचचं नाव आहे, टॅगचं (एखाद्या नोंदीला दिलेल्या कायमच्या खुणेचं), की फाइलीचं? त्या मुलाच्या संगणकावर ‘रिपोर्ट्स’ नावाची स्थानिक ब्रँच नव्हती. सर्व्हरवर होती. अशा वेळी गिट सहसा मदतीला येतं. सर्व्हरवरच्या ब्रँचवरून त्याच नावाची स्थानिक ब्रँच आपणहून बनवतं आणि तिथं नेतं. पण त्या काळच्या आवृत्त्यांत या मदतीला एक अट होती. त्याच नावाची फाइल किंवा फोल्डर समोर असेल, तर मदत मागं घ्यायची आणि शब्द फाइलीचा धरायचा. मग आदेशाचा अर्थ झाला, ‘रिपोर्ट्स फोल्डरमध्ये जे काही बदललं असेल ते टाकून दे आणि इंडेक्समधली प्रत तिथं ठेव.’ गिटनं तेवढंच केलं, आणि न विचारता केलं.

इथं इंडेक्सबद्दल थोडं सांगायला हवं. गिटमध्ये फाइल एका वेळी तीन ठिकाणी असते. तुम्ही जिथं लिहिता ते कामाचं फोल्डर, पुढच्या कमिटसाठी (गिटमधल्या पक्क्या नोंदीसाठी) मांडून ठेवलेला इंडेक्स, आणि शेवटची कमिट. मधल्या जागेला इंडेक्स म्हणतात, स्टेजिंग एरियाही म्हणतात, आणि जुन्या आदेशांत तिचं नाव कॅश आहे. एका जागेला तीन नावं. मुलानं दुपारी जेवायला जाण्यापूर्वी एकदा ‘गिट अ‍ॅड’ केलं असतं, तर इंडेक्समध्ये त्याची ताजी प्रत गेली असती आणि चेकआउटनं तीच परत आणून ठेवली असती. काहीच गेलं नसतं. ‘अ‍ॅड’ न केलेलं लिखाण मात्र गिटच्या भांडारात कधी पोचतच नाही, म्हणून रिफ्लॉगमध्ये ते शोधण्यात अर्थ नव्हता. रिफ्लॉग ब्रँच आणि हेड (आपण आत्ता कुठं आहोत ती खूण) कुठून कुठं सरकले याची नोंद ठेवतो. फोल्डरमधली अक्षरं पुसली गेली, याची नोंद ठेवणारं कुणीच नसतं.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते पुढचं. ब्रँच बदलणारं चेकआउट अतिशय जपून वागतं. तुमचे न नोंदवलेले बदल नव्या ब्रँचवरच्या मजकुराशी टक्कर घेणार असतील, तर ते थांबतं, फाइलींची नावं सांगतं, आधी कमिट करा किंवा स्टॅश करा असं बजावतं आणि काहीही न बदलता मागं फिरतं. फाइल परत आणणारं चेकआउट याच्या अगदी उलट आहे. बदल पुसणं हेच त्याचं काम असल्यामुळे ते थांबत नाही. म्हणजे एकाच क्रियापदाचे दोन स्वभाव आहेत. पहिल्या स्वभावाशी रोज दहादा गाठ पडते, त्यामुळे त्या शब्दावर विश्वास बसतो. आणि दुसऱ्या स्वभावाशी गाठ पडते तेव्हा तोच विश्वास अंगाशी येतो.

गिटचे जुने जाणकार यावर सांगतात की फाइलीच्या नावाआधी दोन आडव्या रेघा द्याव्यात, म्हणजे संदिग्धता राहत नाही. खरं आहे. पण त्या रेघा फाइल परत आणणाऱ्यानं द्यायच्या असतात. इथं मुलाला फाइल परत आणायचीच नव्हती. ज्याला धोका आहे हे माहीतच नाही, त्यानं सावधगिरीची खूण कुठं आणि कशी करावी?

शब्द आला कुठून

चेकआउट हा शब्द गिटचा नव्हे. १९८० च्या दशकात वॉल्टर टिची यांनी लिहिलेल्या आरसीएस या अशाच जुन्या साधनात ‘चेकआउट’ म्हणजे ग्रंथालयातून पुस्तक नोंदवून घरी नेण्यासारखं होतं. फाइल कुलूप लावून घ्यायची, दुरुस्त करायची, परत जमा करायची. पुढं सीव्हीएस आणि सबव्हर्जन या नंतरच्या साधनांत त्याचा अर्थ झाला, सर्व्हरवरून संपूर्ण प्रकल्पाची कामाची प्रत पहिल्यांदा उतरवून घेणं. सबव्हर्जनमध्ये ब्रँच बदलायला ‘स्विच’ आणि स्थानिक बदल टाकायला ‘रिव्हर्ट’ असे दोन वेगळे शब्द होते, आणि ते बरे शब्द होते.

गिटनं त्यातला एकही त्या अर्थानं घेतला नाही. पहिल्यांदा उतरवून घेणं झालं ‘क्लोन’. ‘रिव्हर्ट’ म्हणजे जुन्या कमिटच्या उलटी नवी कमिट. आणि सबव्हर्जनचे स्विच व रिव्हर्ट हे दोघंही चेकआउटच्या पोटात गेले. २०१० च्या आसपास सबव्हर्जनवरून गिटवर आलेल्या आम्हा लोकांना सुरुवातीचे काही महिने जे वाटायचं, ते आपल्या ओळखीच्या गावात रस्त्यांच्या पाट्या अदलाबदल केल्यासारखं होतं.

असं का झालं याला इतिहास आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं, कारण लिनक्स कर्नलचं, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्याचं, काम ज्या बिटकीपर या साधनावर चालायचं त्याची मोफत वापराची सवलत संपली होती. घाई होती, आणि वापरणारे कर्नलचे जाणकार होते. त्यांनी आधी पाया बांधला. मजकूर साठवायचा कसा, त्याच्यावरून ओळखक्रमांक काढायचा कसा, फोल्डरांचं झाड लिहायचं कसं. या आतल्या आदेशांना गिटच्या जगात प्लंबिंग म्हणतात आणि माणसांनी वापरायच्या आदेशांना पोर्सिलेन. नळ आधी आले, न्हाणीघराची फरशी मागून. त्याच वर्षी जुलैमध्ये जुनिओ हमानो यांच्याकडे देखभाल आली आणि डिसेंबरात १.० आवृत्ती निघाली.

पायाकडून पाहिलं तर चेकआउटची दोन्ही कामं खरंच एकसारखी दिसतात. दोन्हींत भांडारातून मजकूर काढून फोल्डरमध्ये ठेवायचा असतो. एकात सगळं झाड काढायचं आणि हेड हलवायचं, दुसऱ्यात थोड्या फाइली काढायच्या आणि हेड तिथंच ठेवायचं. ज्यानं आतली यंत्रणा लिहिली त्याला हे एकाच कामाचे दोन प्रकार वाटले तर त्यात नवल नाही. वापरणाऱ्याच्या बाजूनं मात्र एक आहे ‘मला तिकडं जायचंय’ आणि दुसरं ‘मला हे नकोय’. आदेशाचं नाव यंत्रणेच्या बाजूनं ठेवलं गेलं, आणि पुढची १४ वर्षं शिकणाऱ्या प्रत्येकानं मनातल्या मनात त्याचा अनुवाद केला.

एमआयटीमधल्या सँटियागो पेरेस दे रोस्सो आणि डॅनियल जॅक्सन या दोघांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये गिटचा याच नजरेनं अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं पाठांतरापलीकडचं होतं. गिट अवघड वाटतं ते आदेशांची नावं विचित्र आहेत म्हणून तर आहेच, पण खोलात गेलं तर त्यातल्या संकल्पना आणि त्यामागचे हेतू यांची जोडी नीट बसलेली नाही. एका हेतूसाठी एक संकल्पना असावी. एका संकल्पनेवर दोन हेतू लादले की कुठंतरी ओढाताण होणारच. त्यांनी ‘गिटलेस’ नावाचं साधनही बनवलं, जे आतून गिटच वापरायचं. त्यात इंडेक्स नव्हता, आणि न नोंदवलेले बदल ज्या-त्या ब्रँचपाशीच राहायचे. ब्रँच बदलली की तुमचं अर्धवट काम तिथंच थांबायचं, परत आलात की जसंच्या तसं समोर. आमच्या मुलाच्या डोक्यातलं चित्र हुबेहूब हेच होतं. त्यानं ते कुठं वाचलं नव्हतं. माणसाला सहज सुचणारं चित्र तेच आहे.

दुरुस्ती, आणि ती किती पुरली

आमच्या घटनेनंतर काही महिन्यांतच गिटमध्ये दोन बदल झाले. आमचा त्यांच्याशी संबंध नाही. जगभर असे पोळलेले लोक भरपूर होते.

पहिला लहान आहे. २०१९ च्या सुरुवातीच्या आवृत्तीपासून, सर्व्हरवरची ब्रँच आणि समोरची फाइल यांचं नाव एक असेल तर गिट अंदाज करत नाही. ‘हे दोन्ही असू शकतं’ असं सांगून थांबतं. शिवाय फाइल परत आणली तर किती फाइली परत ठेवल्या तो आकडा छापतं. एवढी एक ओळ त्या दुपारी उमटली असती, तर मुलगा अर्धा तास अंधारात राहिला नसता. काम गेलंच असतं, पण डोक्यात ताजं असताना.

दुसरा मोठा. १६ ऑगस्ट २०१९ रोजी आलेल्या २.२३ आवृत्तीत न्गुयेन थाई न्गोक दुई यांनी लिहिलेले दोन नवे आदेश आले, ‘गिट स्विच’ आणि ‘गिट रिस्टोअर’. स्विच ब्रँच बदलतं आणि सुट्या फाइली परत आणत नाही. रिस्टोअर फाइली परत आणतं आणि ब्रँच बदलत नाही. ‘गिट स्विच रिपोर्ट्स’ लिहिलं तर त्याचा फोल्डरशी काही संबंध लागूच शकत नाही. संदिग्धतेला जागाच उरत नाही.

स्विचमधला आणखी एक विचार मला फार आवडतो. चेकआउटला एखाद्या टॅगचं नाव दिलं तर ते तुम्हाला ‘डिटॅच्ड हेड’ अवस्थेत नेऊन सोडतं. म्हणजे तुम्ही कुठल्याच ब्रँचवर नसता, आणि तिथं केलेली कमिट नंतर सापडायला अवघड जाते. चेकआउट हे करून झाल्यावर लांबलचक सूचना छापतं. स्विच आधीच अडवतं. इथं ब्रँचचं नाव हवं, तू टॅग दिलायस, तुला तसंच जायचं असेल तर ‘डिटॅच’ असं स्पष्ट लिही. धोक्याच्या वाटेवर जायचं तर तिचं नाव उच्चारून जा.

रिस्टोअरही समजुतीनं बनवलेलं आहे. कुठून आणायचं ते ‘सोर्स’ या पर्यायानं सांगायचं, कुठं ठेवायचं ते ‘स्टेज्ड’ आणि ‘वर्कट्री’ यांनी. पूर्वी इंडेक्समधून फाइल मागं घ्यायला ‘रिसेट’ वापरावा लागायचा, आणि त्या रिसेटचा ‘हार्ड’ हा भाऊ सगळंच पुसणारा होता. ते कामही आता रिस्टोअरकडे आलं. ‘गिट स्टेटस’ ज्या सूचना दाखवतं त्यांतही नवीन शब्द आले. नवशिक्याला कागदपत्रं वाचायला वेळ नसतो, तो स्टेटसच्या खालच्या ओळी वाचतो. त्यामुळे हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे.

मग गाडी अडली कुठं? या दोन्ही आदेशांच्या माहितीपानावर ‘हा आदेश प्रायोगिक आहे, वागणं बदलू शकतं’ अशी पाटी होती. ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या २.५१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं लटकत राहिली. हेतू प्रामाणिक होता. गिटची मंडळी जुनी सवय आणि जुन्या स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या आदेशांच्या याद्या) मोडू नयेत याला फार जपतात, आणि एकदा पक्कं म्हटलं की मागं फिरता येत नाही. पण शिकवणाऱ्यावर त्या पाटीचा परिणाम काय होतो, हे मी स्वतः पाहिलंय. प्रशिक्षणाच्या पानांत स्विच घालू या म्हटलं की कुणीतरी ती पाटी दाखवायचं, आणि पानं होती तशीच राहायची. कॉलेजांतले वर्ग, चित्रफिती, मुलाखतीच्या तयारीच्या याद्या सगळीकडे चेकआउटच. आता पाटी उतरली आहे, पण सहा वर्षांत शिकलेल्या लोकांच्या बोटांत जुना शब्द बसला तो बसला. आणि तेच पुढच्यांना शिकवतात.

चेकआउट काढून टाकावा असं मी म्हणणार नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाच्या २०२२ च्या पाहणीत गिट वापरणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होतं. एवढ्या लोकांच्या स्क्रिप्ट एका रात्रीत मोडणं हा दुसरा अन्याय होईल. पण गिटनं याहून नाजूक बदल पचवले आहेत. २०१४ मध्ये २.० आवृत्तीत नुसत्या ‘गिट पुश’चं वागणं बदललं. पूर्वी ते सर्व्हरवर त्याच नावाच्या असलेल्या सगळ्या ब्रँच ढकलायचं, आता फक्त चालू ब्रँच ढकलतं. त्याआधीच्या आवृत्त्यांमधून सूचना देत देत लोकांना तयार केलं होतं. तसंच इथं करता येईल. माणूस टर्मिनलवर बसून फाइलीसाठी चेकआउट वापरत असेल आणि त्यानं दोन रेघा दिल्या नसतील, तर एक ओळ छापावी की यासाठी रिस्टोअर आहे. स्क्रिप्टमधून चालत असेल तर गप्प राहावं. समोर माणूस आहे की स्क्रिप्ट, हे ओळखायची सोय गिटकडे आहे आणि रंग दाखवायचे की नाही हे ठरवताना ते ती वापरतंच.

देवनागरी नावांचा फटका

याच प्रकरणाला आमच्याकडे एक खास मराठी शेपूट आहे. आमच्या रेपोमध्ये, म्हणजे गिटच्या भांडारात, छापायच्या नमुन्यांच्या फाइली होत्या आणि ग्राहकाच्या सोयीसाठी त्यांची नावं मराठीत होती. पावती, करारनामा, हमीपत्र. गिट मूळ सेटिंगमध्ये अशी नावं जशीच्या तशी दाखवत नाही. इंग्रजीबाहेरच्या प्रत्येक बाइटच्या जागी एक तिरपी रेघ आणि तीन आकडे छापतं. ‘पावती’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून ५ चिन्हं आहेत. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे झाले १५. प्रत्येक बाइटमागे ४ अक्षरं, म्हणजे पडद्यावर ६० अक्षरांची आकड्यांची माळ. आणि सगळ्याच माळा जवळपास सारख्या, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि दुसऱ्यात दोनच पर्याय.

आता सांगा, चार नमुने बदललेले आहेत आणि त्यातला एकच परत आणायचाय, तर माणूस काय करेल? त्या माळांतली करारनामा कुठली हे कुणाला ओळखू येणार? लोक ‘गिट चेकआउट’पुढे एक टिंब देऊन मोकळे व्हायचे. टिंब म्हणजे या फोल्डरमधलं सगळं. नको असलेल्या एका फाइलीबरोबर हव्या असलेल्या तीन जायच्या. असं आमच्याकडे किमान दोनदा झालं.

‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नावं वाचता येतात. एका ओळीचं काम. ज्या काळी निम्मी टर्मिनलं यूटीएफ-८ नीट दाखवू शकत नव्हती, तेव्हा मूळ सेटिंग अशी ठेवणं समजण्यासारखं होतं. आज ती उलटी असायला हवी, आणि हे मी फक्त मराठीसाठी म्हणत नाही. तमिळ, बंगाली, जपानी, अरबी लिहिणाऱ्या प्रत्येकाला आधी आकड्यांची माळ दिसते आणि मग कधीतरी कुणीतरी ती सेटिंग सांगतं. आमच्या टीममध्ये नवा माणूस आला की संगणकावर गिट बसवल्यावर पहिली ओळ हीच लिहिली जाते.

खरी उणीव अजून तशीच

स्विच आणि रिस्टोअर यांनी चुकून घडणारा अपघात कमी केला. पण जाणूनबुजून चालवलेला ‘गिट रिस्टोअर’सुद्धा आजही विचारत नाही आणि मागं काही ठेवत नाही. चुकीच्या फाइलीचं नाव दिलं, घाईत टिंब दिलं, की तोच प्रकार. कमिट केलेलं काम गिट हरवू देत नाही. कमिट पुसली तरी ती रिफ्लॉगमधून ठरावीक मुदतीत परत मिळते. कुठल्याच ब्रँचवरून पोचता येत नसेल तर ३० दिवस, एरवी ९०. माणसाचं सर्वांत ताजं, सर्वांत असुरक्षित लिखाण मात्र एका आदेशात जातं. संरक्षण बरोबर उलट्या टोकाला लागलेलं आहे.

हे अशक्य आहे म्हणून राहिलेलं नाही. गिटच्याच वयाच्या मर्क्युरियल या साधनात ‘रिव्हर्ट’ केलं की बदललेली फाइल आधी ‘.ओरिज’ असं शेपूट लावून बाजूला ठेवली जाते आणि मगच जुनी प्रत येते. ती नको असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. फोल्डरमध्ये कचरा साठतो अशी तक्रार तिथले लोक करायचे. करू देत. कचरा काढता येतो.

जुजुत्सू नावाचं नवं साधन याहून पुढं गेलंय. गूगलमधल्या मार्टिन फॉन झ्वाइगबर्ग यांनी २०१९ च्या अखेरीस ते सुरू केलं आणि आतून ते गिटचंच भांडार वापरू शकतं. त्यात कामाचं फोल्डर ही स्वतःच एक कमिट असते. तुम्ही कुठलाही आदेश दिला की पहिल्यांदा फोल्डरमध्ये आत्ता जे आहे ते नोंदवलं जातं, मग आदेश चालतो. प्रत्येक कृतीची यादी राहते आणि ‘अंडू’ म्हटलं की शेवटची कृती मागं फिरते, मग ती फाइल पुसण्याची का असेना. मी ते गेले काही महिने स्वतःच्या छोट्या कामांसाठी वापरते आहे. इंडेक्स नसण्याची सवय व्हायला वेळ लागला. पण फाइल परत आणताना बोटं आखडत नाहीत, हे मला तिसऱ्याच दिवशी जाणवलं.

गिटमध्ये एवढी उलथापालथ न करताही एक उपाय होण्याजोगा आहे. रिस्टोअरनं फाइल पुसण्याआधी तिचा मजकूर भांडारात वस्तू म्हणून लिहून ठेवावा. ‘गिट अ‍ॅड’ हेच करतं, आणि ते किती चटकन होतं हे आपण रोज पाहतो. कुठल्याही कमिटला न जोडलेली वस्तू गिटची साफसफाई मूळ सेटिंगमध्ये २ आठवडे तरी ठेवते. म्हणजे वेगळी यादी न बनवता नुसतं एवढं केलं, तरी पुसलेलं लिखाण पंधरवडाभर ‘एफएसचेक’नं सापडलं असतं. हरकती आहेत. फार मोठ्या फाइली असतील तर वेळ आणि जागा जाईल. कुणी पासवर्ड लिहून घाईनं पुसला असेल, तर तो भांडारात राहील. पहिल्यासाठी आकाराची मर्यादा घालता येईल, दुसऱ्यासाठी ‘प्रत ठेवू नको’ असा पर्याय. मर्क्युरियलनं तोच दिला होता.

आम्ही आमच्यापुरतं जे केलं ते ओबडधोबड आहे. पहिल्यांदा चेकआउटवर पहारा बसवावा म्हणून मी त्याच नावाचा अलायस, म्हणजे आदेशाचं टोपणनाव, लिहिला. चालला नाही. गिटच्या मूळ आदेशाचं नाव घेतलेला अलायस गिट सरळ दुर्लक्षतं. मग हुक, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, पाहिला. चेकआउट झाल्यावर चालणारा हुक आहे, होण्याआधी चालणारा नाही, आणि झाल्यावर कळून काय उपयोग. शेवटी शेलमध्येच, म्हणजे टर्मिनलवरचे आदेश वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘गिट’ नावाचं एक छोटं फंक्शन लिहिलं. टर्मिनलवर कुणी ‘चेकआउट’ लिहिलं की ते थांबतं आणि एकच प्रश्न विचारतं, “जायचंय की टाकायचंय?” ‘जायचंय’ म्हटलं की स्विच चालतं. ‘टाकायचंय’ म्हटलं की आधी त्या फाइलींचे बदल स्टॅशमध्ये जातात. त्यानं फोल्डरमधली फाइल जुनी होतेच, आणि नवी प्रत स्टॅशमध्ये शाबूत राहते. दर सोमवारी कुणीतरी ती यादी पाहून महिन्याहून जुनं असेल ते काढतं.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक रिकामा रेपो देतो. त्यात ‘रिपोर्ट्स’ नावाचा फोल्डर असतो आणि त्याच नावाची ब्रँच. दोन ओळी लिही, ब्रँचवर जा, परत ये, मग त्या दोन ओळी टाकून दे आणि पुन्हा मिळव, एवढं करून दाखवायचं. हा धडा तयार करणारा आणि आज तो शिकवणारा तोच मुलगा आहे. तो शिकवताना चेकआउट हा शब्द पहिल्या आठवड्यात उच्चारत नाही.